युटा, कोलोरॅडो आणि पेटी

माणसाने आयुष्याचा उत्तरार्ध कुठे काढावा, हा मुळात तत्त्वज्ञानाचा प्रश्न आहे, असं डेल्विन योर्गेनसनचं ठाम मत होतं. तो गुडघ्यांचा प्रश्न आहे, असं त्याच्या बायकोचं.

डेल्विन जन्माने युटाचा. म्हणजे लाल खडक, कोरडी हवा आणि दहा मैलांवर राहणारा माणूसही शेवटी चुलतभाऊच निघायचा, असा मुलूख. मार्लिस शेजारच्या कोलोरॅडोची. तिच्या माहेरी जुलैतही डोंगरमाथ्यावर बर्फ दिसतं आणि लोक सुट्टीच्या दिवशी विश्रांती म्हणून त्यावर चढतात. लग्न ठरलं तेव्हा मार्लिसने शब्द दिला होता की नोकरी आहे तोवर कोलोरॅडोत राहू, निवृत्त झालास की युटात. तरुण माणसं असले शब्द फार सहज देतात, कारण निवृत्ती ही इतरांना होते असा त्यांचा समज असतो. डेल्विनला मात्र ती झाली. फ्रूटा गावात, राज्याच्या हद्दीच्या वीसेक मैल अलीकडे, शेतांना कालव्याचं पाणी वाटून देणाऱ्या कचेरीत त्याने उभा जन्म काढला होता. ऑगस्टअखेर साहेबांनी त्याला एक केक आणि घडीची खुर्ची देऊन घरी पाठवलं. खुर्ची उघडेना. केक बरा होता.

पाठोपाठ घराला गिऱ्हाईकही आलं. इलिनॉयचे हॅवर्टी नावाचे गृहस्थ. त्यांनी घर पाहिलं, नळ सोडून पाहिले, जिना चढून पाहिला, उतरताना थोडं थांबले आणि म्हणाले, "पसंत आहे. पुढच्या सोमवारी फोन करतो."

"मी शब्द पाळीन," मार्लिस त्या दिवशी भांडी पुसता पुसता म्हणाली. "युटा तर युटा."

दाताच्या डॉक्टरकडे माणूस ज्या आवाजात 'काढा तर काढा' म्हणतो, तो हा आवाज. डेल्विनला तो लागला. शब्द पाळणारी बायको त्याला घरात होतीच. त्याला हवी होती ती 'डेल, तुझा मुलूख सुंदर आहे' असं आपणहून, न विचारता, निदान एकदा म्हणणारी बायको. इतक्या वर्षांत ते वाक्य झालं नव्हतं. युटात गेलं की ती म्हणायची, "मोकळं आहे." रिकाम्या कपाटाबद्दलही ती हेच म्हणे.

"तसं नको," डेल्विन म्हणाला. "निःपक्षपाती तुलना करू. निसर्ग, करमणूक आणि संस्कृती. जे राज्य सरस ठरेल तिथे जाऊ."

"आणि निवाडा कोण करणार?"

"दोन पंच नेमू. एकेक बाजूचा."

"म्हणजे बरोबरी होणार."

"निसर्गापुढे माणूस पक्षपात विसरतो," डेल्विन म्हणाला. हे वाक्य त्याने पूर्वी कुठे वाचलं नव्हतं, त्याचं त्यालाच सुचलं होतं, त्यामुळे त्याचा त्यावर फार विश्वास बसला.

तुलना होणार होती नदीवर. फ्रूटाच्या पश्चिमेला लोमाच्या धक्क्यावरून होडी सोडली की कोलोरॅडो नदी दोन दिवसांत कड्याकपाऱ्यांतून युटात नेऊन सोडते. एकाच प्रवासात दोन्ही राज्यं, तीच होडी, तीच माणसं, तेच ऊन. याहून न्याय्य परीक्षा डेल्विनला दिसेना. होडी शेजारच्या ओर्लान्डो बाकाची होती. ओर्लान्डो म्हणजे निवृत्त पोस्टमन. त्याचं घराणं सात पिढ्या कोलोरॅडोत होतं, आणि त्यातल्या पहिल्या तीन पिढ्यांच्या वेळी कोलोरॅडो नव्हतंच. कोलोरॅडोचा पंच तोच. युटाची पंच म्हणून डेल्विनने आपली मोठी बहीण आर्विला हिला बोलावलं.

बातमी गल्लीत पसरली आणि सल्ले येऊ लागले. फ्रूटात नदीवर न गेलेला माणूसही नदीबद्दल सल्ला देतो. समोरच्या घरातले वृद्ध गृहस्थ कुंपणापाशी येऊन म्हणाले, "अकराच्या आत पाण्यावर असा. अकरानंतर वारा उलटा सुटतो." पोस्टातल्या बाईने तिकीट चिकटवता चिकटवता हेच सांगितलं. न्हाव्याने हेच सांगितलं आणि आरशात डेल्विनकडे असं पाहिलं की जणू तो वारा डेल्विनलाच ओळखून आहे.

"मी तीस वर्षं पाणी वाटलंय," डेल्विन प्रत्येकाला म्हणाला. "पाणी कुठे जातं ते मला कळतं."

"पाणी जातंच हो," न्हावी म्हणाला. "होडी जात नाही."

नदीकाठी मुक्काम करायचा तर परवाना लागतो. डेल्विनने परवान्याच्या कचेरीत फोन लावला.

"मला युटाच्या हद्दीतली जागा हवीय," तो म्हणाला.

"ती कधीच गेली, सर," पलीकडची मुलगी म्हणाली. "आत्ताच कोणीतरी एक जागा रद्द केलीय, ती देऊ का? कॉटनवुडच्या झाडांखाली आहे. छान सावली असते."

"कोलोरॅडोत?"

"हो."

"म्हणजे मुक्कामाचे सगळे गुण कोलोरॅडोला."



"सर," मुलगी जपून म्हणाली, "तुमच्याबरोबर आणखी कोणी मोठी माणसं येणार आहेत ना?"

आर्विला शुक्रवारी आली ती दोन डबे घेऊन. एकात हिरवी जेली होती, त्यात किसलेलं गाजर लटकत होतं. दुसऱ्यात चीज आणि क्रीम घालून भाजलेले बटाटे, वर चुरलेले कॉर्नफ्लेक्स. युटात कोणाकडे मयत झालं की शेजारणी हा पदार्थ पोचवतात, म्हणून त्याचं नावच मयताचे बटाटे.

"कोण गेलं?" मार्लिसने विचारलं.

"अजून कोणी नाही," आर्विला म्हणाली. "पण डेल होडी चालवणार आहे म्हणे."

शनिवारी सकाळी लोमाच्या धक्क्यावर टोपी घातलेल्या एका तरुण अधिकारी बाईने सामान तपासलं. तरंगायची जाकिटं पाहिली, चुलीची राख धरायची परात पाहिली. मग म्हणाली, "पेटी?"

पेटीबद्दल थोडं बोलणं भाग आहे. या नदीवर असा नियम आहे की बरोबर नेलेलं सगळं परत आणायचं, काहीही मागे ठेवायचं नाही. आणि 'सगळं' या शब्दाचा अर्थ अधिकारी फार व्यापक घेतात. त्यासाठी प्रत्येक होडीत पत्र्याची एक घट्ट झाकणाची पेटी असते. मुक्कामाला पोचलं की तिच्यावर मधोमध भोक असलेली बैठक बसवतात. आणि नदीवरच्या लोकांचा शिरस्ता असा की पेटी मुक्कामातल्या सर्वांत रम्य जागी मांडायची. का, ते कोणी विचारत नाही. बसलेल्या माणसाला वेळ असतो, एवढंच.

ओर्लान्डोने पेटीवर टिचक्या मारून दाखवल्या. "लष्करातली आहे. माझ्या भावाची. हिच्यात पूर्वी काडतुसं असायची."

"होडीत बांधायची ती मी बांधतो," डेल्विन म्हणाला.

"गाठ येते ना?"

"ओर्लान्डो, मी स्काउट होतो."

"मीपण होतो," ओर्लान्डो म्हणाला. "म्हणूनच विचारतोय."

पहिला दिवस कोलोरॅडोच्या हद्दीत गेला, आणि डेल्विनच्या दृष्टीने तो चिंताजनक होता. पाणी संथ होतं. कडे सकाळी गुलाबी होते, दुपारी विटेसारखे लाल झाले. एका वळणावर काळेशार खडक पाण्यातून वर आले होते आणि त्यांच्यामधून होडी अलगद गेली. एक बगळा बराच वेळ पुढे पुढे उडत राहिला, जणू त्याला वाट दाखवायचा पगार होता.

"निसर्ग," ओर्लान्डो म्हणाला. "लिहून घ्या."

"हा युटाचाच निसर्ग आहे," आर्विला म्हणाली. "इकडे थोडा आलाय."

"बाई, हद्द अजून पंधरा मैल आहे."

"देवाने खडक केले तेव्हा हद्द नव्हती."

"माझ्या खापरपणजोबांच्या वेळीही नव्हती," ओर्लान्डो म्हणाला, "पण जमीन कोणाची ते त्यांना माहीत होतं."

मार्लिस पाय पाण्यात सोडून बसली होती. डेल्विनने दोनदा तिच्याकडे पाहिलं आणि दोन्ही वेळा वल्हं खडकावर आपटलं.

दुपारी पलीकडच्या काठावरून मालगाडी गेली. नदीच्या काठाकाठाने रेल्वेचे रूळ जातात. ओर्लान्डोने मान वर करून पाहिलं आणि निराश झाला.

"मालगाडी," तो म्हणाला. "उतारूंची असती तर करावं लागलं असतं."

"काय करावं लागलं असतं?" आर्विलाने विचारलं.

ओर्लान्डोने अदबीने सांगितलं. प्रवाशांची गाडी दिसली की नदीवरची माणसं गाडीकडे पाठ करतात आणि विजार खाली करतात. फार जुना रिवाज आहे. प्रवासी वाट बघत असतात. लांबून आलेली माणसं, त्यांचा विरस करणं बरं नव्हे.

"डेल," आर्विला म्हणाली, "हे संस्कृतीखाली घाल. कोलोरॅडोच्या."

"घातलं," डेल्विन समाधानाने म्हणाला. दिवसभरातला हा त्याचा पहिला आनंद होता.

मुक्कामाला संस्कृतीची उरलेली परीक्षा झाली. ओर्लान्डोने हिरव्या मिरच्यांचा डुकराच्या मांसाचा रस्सा गरम केला. बटाटे चौघांनीही चाटूनपुसून खाल्ले आणि ओर्लान्डो म्हणाला की याच्यासाठी एखादं माणूस जायला हरकत नाही. पण जेलीचा डबा उघडला तेव्हा उन्हाने तिचं हिरवं पाणी झालं होतं आणि गाजर तळाला बसलं होतं.

"पिता येईल," डेल्विन म्हणाला, आणि कपात ओतून प्यायला. राज्यावरचं प्रेम दाखवायचे याहून सोपे मार्ग आहेत. आर्विलाने हळूच रश्शाची वाटी पुन्हा पुढे केली. "ही मिरची कुठची?" तिने विचारलं. ओर्लान्डोने उत्तर द्यायला तोंड उघडलं तेव्हा म्हणाली, "नको, सांगू नका. मी पंच आहे."

कॉटनवुडखाली डेल्विनला दहा वर्षांत लागली नव्हती अशी झोप लागली. सकाळी उठल्यावर हे त्याने कोणाला सांगितलं नाही.

त्याऐवजी तो पेटीकडे गेला. आदल्या संध्याकाळी पेटी मांडायचं काम त्यानेच हट्टाने घेतलं होतं, आणि निसर्ग या सदराखाली फार विचार करून जागा निवडली होती. तिथून दोन कड्यांमधल्या फटीतून लांबवर एक निळसर पट्टी दिसायची. ती युटा होती. पुढे झुडपं होती, त्यामुळे मुक्कामावरून काही दिसत नसे. मागे नदी होती. नदीपलीकडे रूळ होते, हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं, कारण रूळ कोलोरॅडोत होते आणि तो युटाकडे पाहत होता.

सकाळची उतारूंची गाडी आली तेव्हा डेल्विन त्या निळसर पट्टीकडे पाहत आपल्या बालपणाच्या विचारात होता. गाडीने शिट्टी दिली. मग पुन्हा दिली, पण या वेळी निराळी, दाद दिल्यासारखी. त्याने मान वळवून पाहिलं. काचेच्या छताच्या डब्यात माणसं उभी राहिली होती आणि टाळ्या वाजवत होती. एक म्हातारी बाई रुमाल हलवत होती. ज्या माणसाने कालव्याच्या कचेरीत तीस वर्षं सदऱ्याचं वरचं बटण लावून काढली, त्याने अशा वेळी काय करावं याचा कुठे नियम नाही. डेल्विनने हात वर करून सभ्यपणे अभिवादन केलं. टाळ्या वाढल्या.

गाडी गेली. डेल्विन आला नाही.

"डेल," मार्लिसने झुडपांच्या अलीकडून हाक मारली. "कॉफी झाली. तुझ्यासाठी कोको आहे."

"मला नको."

"अरे, कोणी ओळखीचं नव्हतं गाडीत."

"तुला काय माहीत?"

"युटाकडूनच आली होती ती," ओर्लान्डो लांबून म्हणाला, "त्यामुळे असतीलही."

"ओर्लान्डो, तुम्ही गप्प बसा," आर्विला म्हणाली. मग झुडपांकडे वळून म्हणाली, "डेल, आपल्या वडिलांना बैलाने शिंगावर घेतलं होतं, भर जत्रेत. ते उठून जेवायला आले."

"त्यांच्या अंगावर विजार होती."

डेल्विनची प्रतिष्ठा पूर्ववत व्हायला बराच वेळ गेला. तो बाहेर आला, काही न बोलता पेटी उचलली, होडीत नेऊन स्काउटाच्या गाठीने बांधली आणि वल्ह्यांवर जाऊन बसला. तोवर साडेअकरा झाले होते.

वारा सुटलेला होता.

हद्दीच्या ठिकाणी रेल्वेच्या बाजूच्या कड्यावर, प्रवाशांना दिसावी म्हणून, एक उभी रेघ रंगवलेली आहे. रेघेच्या एका बाजूला कोलोरॅडो लिहिलंय, दुसऱ्या बाजूला युटा. डेल्विनने या क्षणासाठी चार शब्द ठरवून ठेवले होते. रेघ जवळ आली तशी त्याने वल्ही सोडली, उभा राहिला, टोपी काढली आणि म्हणाला, "मार्लिस, आता आपण ज्या भूमीत..."

होडी मागे जाऊ लागली.

तो खाली बसला, वल्ही मारून रेघ पुन्हा गाठली आणि पुन्हा उभा राहिला. "ज्या भूमीत," तो म्हणाला, आणि पुन्हा कोलोरॅडोत गेला.

"मी घेऊ वल्ही?" ओर्लान्डोने विचारलं.

"नको. माझ्या राज्यात मी माझ्या हाताने जाईन."

"बसून गेलास तर जाशील."

आर्विलाने भजन सुरू केलं. "आपली पणजी," ती दोन कडव्यांच्या मध्ये म्हणाली, "हातगाडी ओढत या मुलखात आली. कुठून कुठे."

"तिला वारा उलटा नव्हता."

"तिची तक्रारही नव्हती."

तेवढ्यात वाऱ्याचा असा झोत आला की होडी गर्रकन फिरली आणि तिची कड खडकावर चढली. जेलीचा डबा पाण्यात गेला. डेल्विनची टोपी पाण्यात पडून प्रवाहाबरोबर थेट युटात पोचली. त्या दिवशी सर्वांत आधी तीच पोचली. आणि स्काउटाची गाठ सुटली. पेटी कलली, घसरली, होडीच्या काठाकडे निघाली.

त्या क्षणी पक्ष, पंच, राज्यं, काही उरलं नाही. चौघांनीही एकदम पेटीवर झेप घेतली. ओर्लान्डोने हँडल धरलं, आर्विला झाकणावर पालथी पडली, मार्लिसने डेल्विनला धरलं आणि डेल्विनने पेटीला मिठी मारली. होडी खडकावरून सुटली आणि वाऱ्याबरोबर उलटी, अगदी शांतपणे, प्रवाहाविरुद्ध जाऊ लागली. कोणी हलेना. हललं तर काय होईल याची सर्वांना पूर्ण कल्पना होती.

मार्लिसचं डोकं मागे कलंडलं होतं, त्यामुळे तिला फक्त वरचं दिसत होतं. कड्यावर दुपारचं ऊन पडलं होतं आणि दगड आतून पेटल्यासारखा दिसत होता. एक घार त्याच्या कडेने वर वर चालली होती.

"डेल," ती म्हणाली, "किती सुंदर आहे रे हे."

कोणी विचारलं नव्हतं. डेल्विन पेटीवर गाल टेकून पडला होता. त्याने डोळे मिटले. इतक्या वर्षांचं येणं असं एकदम हातात पडलं की माणसाला ते लगेच बघवत नाही.

ओर्लान्डो चांगला माणूस होता.

"सांगावं की नाही कळत नाही," तो म्हणाला, "पण ती भिंत कोलोरॅडोत आहे."

मार्लिसने मान वळवून रंगवलेली रेघ पाहिली. ती बरीच पुढे, युटाकडे राहिली होती.

"मग रेघेपलीकडे कसं आहे?" तिने विचारलं.

डेल्विनने डोळे उघडले. हा प्रश्न त्यालाच होता आणि तो खोटं बोलणाऱ्यांपैकी नव्हता.

"असंच," तो म्हणाला.

"अगदी असंच?"

"अगदी."

"मग आपण वल्ही कशाला मारतोय?"

पाणी होडीखालून एका दिशेने चाललं होतं आणि होडी दुसऱ्या.

"मोटार तिकडे लावलीय," शेवटी ओर्लान्डो म्हणाला.

मग त्यानेच वल्ही घेतली. डेल्विनने हरकत घेतली नाही. तो पेटीवर बसून राहिला, गाठीवर त्याचा विश्वास उरला नव्हता. हद्द कधी ओलांडली ते कोणी पाहिलं नाही. संध्याकाळी युटातल्या धक्क्याला लागले तेव्हा तिथल्या अधिकाऱ्याने जाकिटं पाहिली, परात पाहिली आणि पेटी उचलून पाहिली.

"ही इथे रिकामी करता येत नाही," तो म्हणाला. "धुवायचं यंत्र फ्रूटात आहे."

"म्हणजे कोलोरॅडोत," डेल्विन म्हणाला.

"हो. का?"

"काही नाही. तुलना चालली होती."

परतीच्या वाटेवर पेटी डेल्विनच्या मांडीवर होती. आर्विला पुढे बसून ओर्लान्डोला मिरच्या कशा भाजायच्या ते विचारत होती. मार्लिस डेल्विनच्या खांद्यावर डोकं ठेवून बसली होती, जे पेटी मांडीवर असलेल्या माणसाबाबत सहसा कोणी करत नाही.

"तुला युटातच जायचंय का रे अजून?" तिने हळू विचारलं.

"तुला डोंगरात?"

"डोंगरात चढ असतात."

घरी आल्यावर मार्लिस स्वयंपाकघरात दिवा न लावता उभी राहिली. दक्षिणेच्या खिडकीतून लाल कडे दिसत होते, पूर्वेच्या खिडकीतून सपाट माथ्याचा मेसा डोंगर, जिथे आणखी महिन्याभरात पहिलं बर्फ पडणार होतं. या दोन खिडक्यांच्या मधोमध ती इतकी वर्षं भांडी पुसत होती.

"हॅवर्टींना नाही म्हणायला हवं," ती म्हणाली. "वाईट वाटेल बिचाऱ्यांना."

"मी बघतो," डेल्विन म्हणाला. "सन्मानाने सांगेन."

सोमवारी सकाळी त्याने टाय लावला. टेलिफोनसाठी टायची गरज नसते, पण प्रतिष्ठेला अजून आधार हवा होता. नकार त्याने ठरवून ठेवला होता: काही घरं विकण्यासाठी नसतात, माणूस घराच्या खिडक्या निवडत नाही, खिडक्या माणसाला निवडतात, आणि असंच पुढे, साधारण पाच मिनिटं. मार्लिस आणि आर्विला ऐकायला बसल्या. ओर्लान्डो पेटी धुऊन आला होता, तो दारातच उभा राहिला.

फोन वाजला. डेल्विनने घसा साफ केला.

"मिस्टर हॅवर्टी," तो म्हणाला, "काही घरं..." आणि थांबला. मग बराच वेळ "हं" म्हणत राहिला. मग "नाही नाही, वाईट कसलं" म्हणाला, आणि रिसीव्हर ठेवला.

हॅवर्टींनी शनिवारीच कॅन्ससमध्ये घर घेतलं होतं. त्यांच्या बायकोचे गुडघे दुखतात, आणि कॅन्सस सपाट आहे.